आईचा खुबा आणि साच्याची चाकं

बरेच दिवस इकडे फिरकले नाही. कारण घरातल्या मंडळींना ठाऊकच आहे: आईचं ऑपरेशन. दादाला, मावशीला, पुण्याच्या सगळ्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी बातम्या दिल्या, पण त्यातली एक गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच. फोनवर सांगण्यासारखी ती नव्हतीही. लांबलचक आहे, आणि आमच्या ठाण्याच्या घरापासून निघून थेट इंग्लंडातल्या एका क्षयाच्या हॉस्पिटलात जाते. तेव्हा चहा घेऊन बसा.

२०२३ चा जून महिना. आई चौऱ्याहत्तरची. त्याआधीची दोन वर्षं आम्ही नुसतं गुडघा गुडघा करत होतो. गुडघ्याचे एक्स-रे, गुडघ्याला शेक, गुडघ्यात इंजेक्शन. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. शेवटी एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने आईला आडवं करून पाय हळूच आत वळवला, आई कळवळली, आणि ती मुलगी म्हणाली, "आजी, हा गुडघा नाहीच."

मग मोठे डॉक्टर. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचा खुबा होता, चावीच्या खेळण्यासारखा. त्यांनी तो उघडून दाखवला. मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा, तो कमरेच्या हाडातल्या खळग्यात बसतो. शाळेच्या पुस्तकात त्याला उखळीचा सांधा म्हणत. गोळ्यावरचं आणि खळग्यातलं गुळगुळीत अस्तर झिजलं की हाडावर हाड घासतं. औषधाने ते अस्तर परत येत नाही. मग गोळा कापून काढायचा, मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवायचा, त्यावर नवा गोळा, खळग्यात नवी वाटी. झालं! आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती जणांवर केलंय हे?"

"हजाराच्या वर झाली असतील माझी," डॉक्टर म्हणाले.

"तुमचं नाही हो विचारत डॉक्टरसाहेब. सगळ्यात आधी कुणावर केलं? पहिल्यांदा करताना करणाऱ्याला तरी कुठे ठाऊक होतं जमेल म्हणून?"

डॉक्टर हसले. "आजी, तो मोठा इतिहास आहे." त्यांचा डोळा घड्याळाकडे होता, बाहेर पंधरा माणसं बसली होती, त्यांना दोष नाही. पण आईने ऑपरेशनला होकार दिला नाही. घरी येताना रिक्षात म्हणाली, "त्यांना वेळ नाही, तर तू शोधून सांग. मग बघू." म्हणून हा अभ्यास. अर्धा तेव्हाच केला होता, उरलेला आई झोपलेली असताना तिच्या उशाशी बसून.

तर पहिला कोण, याचं सरळ उत्तर नाही. बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक नावाच्या सर्जनने १८९० च्या सुमाराला हस्तिदंताचे सांधे करून माणसांना बसवले होते. हस्तिदंत! ज्यांना बसवले ते बहुतेक क्षयाने सांधे सडलेले रुग्ण, त्यामुळे जखमा चिघळल्या आणि ते सगळं मागे पडलं. पुढे बॉस्टनमध्ये स्मिथ-पीटरसन. त्याने एका रुग्णाच्या पाठीतून काचेचा तुकडा काढला, तर त्या तुकड्याभोवती गुळगुळीत पापुद्रा धरलेला. मग काचेचीच टोपी गोळ्यावर घातली तर शरीर तिथेही नवं अस्तर धरेल का? १९२३ मध्ये त्याने तसं करून पाहिलं. काच फुटली. (फुटणारच की! असं आई म्हणाली.) मग दुसरी काच, मग बेकेलाइट, आणि शेवटी १९३८ मध्ये त्याच्या दाताच्या डॉक्टरने सुचवलेला, कवळ्यांसाठी वापरतात तो व्हायटॅलियम नावाचा मिश्रधातू. तो टिकला. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्सने गोळा आणि वाटी दोन्ही पोलादाची बसवून पाहिली, पण मध्येच युद्ध आलं. युद्धानंतर पॅरिसमध्ये जुदे बंधूंनी अॅक्रिलिकचा गोळा काढला आणि तो काही वर्षं फार गाजला.

त्या अॅक्रिलिकच्या गोळ्यापाशी आपला माणूस येतो. जॉन चार्नली. जन्म १९११, गाव बरी, लँकेशायर. वडील औषधांचे दुकानदार, आई नर्स. पंचविसाव्या वर्षी एफआरसीएस झालेला, म्हणजे हुशार. आणि स्वभावाने, जेवढं वाचलं त्यावरून, भलता हट्टी. हाडाचा तुकडा एका जागेवरून काढून दुसरीकडे लावला तर तो कसा जगतो हे पाहण्यासाठी त्याने तरुणपणी सहकाऱ्याकडून स्वतःच्याच नडगीत तसा तुकडा बसवून घेतला होता. ती जखम चिघळली आणि त्याच्यावरच ऑपरेशन करायची वेळ आली. युद्धात तो इजिप्तमध्ये होता, तिथे लष्कराच्या वर्कशॉपमधल्या कारागिरांकडून हत्यारं बनवून घ्यायची सवय लागली. लेथ मशीनची गोडी त्याला जन्मभर राहिली.

गोष्ट अशी सांगतात की जुदे पद्धतीचा गोळा बसवलेला एक रुग्ण चार्नलीकडे आला. तो पुढे वाकला की खुबा कुईकुई वाजायचा. इतका, की बायको त्याच्याजवळ बसायला टाळायची. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. चार्नलीने प्रश्न विचारला: वाजतो म्हणजे घासतो. आणि असे खुबे काही आठवड्यांनी वाजायचे थांबतात, ते का? वंगण तयार होतं म्हणून? नाही. गोळा वाटीत इतका अडकतो की शेवटी त्याचा दांडा हाडातून सुटतो, आणि हालचाल वाटीत होण्याऐवजी दांडा आणि हाड यांच्यात व्हायला लागते. आवाज थांबला म्हणजे बरं झालं असं नाही, सैल झालं!

मला हे वाचून अंगावर काटा आला होता. कारण आईही म्हणायची, "आता कटकट वाजत नाही, बरं वाटतंय."

मग त्याने निरोगी सांध्यातलं घर्षण मोजलं. ते बर्फावर घसरणाऱ्या स्केटपेक्षाही कमी भरलं. इतकं निसरडं काहीतरी माणसाने बनवलेलं हवं. आणि दुसरी एक युक्ती त्याने काढली, ती मला फार आवडली. तोवर सगळे जण निसर्गातल्याएवढाच मोठा गोळा बसवत होते. चार्नली म्हणाला, लहान करा. बरणीचं रुंद झाकण फिरवायला सोपं जातं, कारण हाताची पकड मध्यापासून लांब असते. घर्षणाचंही तसंच. गोळा मोठा असेल तर घर्षणाला वाटी फिरवून उचकटायला जास्त जोर मिळतो. गोळा लहान केला की तोच जोर कमी पडतो. करता करता त्याचा गोळा सव्वाबावीस मिलिमीटरवर आला, म्हणजे इंचाचे सात-अष्टमांश, साधारण आपल्या रुपयाच्या नाण्याएवढा. नैसर्गिक गोळा याच्या दुप्पट असतो.

दांडा हाडात घट्ट बसवायला त्याने कवळ्यांचंच अॅक्रिलिक घेतलं, मँचेस्टरच्या डेंटल हॉस्पिटलमधल्या डेनिस स्मिथ या रसायनतज्ज्ञाच्या मदतीने. याला आज बोन सिमेंट म्हणतात. डिंकासारखं चिकटवणं हे त्याचं काम नाही. फरशीखाली गवंडी माल भरतो तसं ते सगळीकडे भरून बसतं आणि भार पसरवतं. (खुबा बदलण्याच्या इतिहासात दातांच्या लोकांचा हात जागोजाग आहे. हाडाच्या डॉक्टरांनी हे जरा मोठ्याने सांगायला हवं, असं माझं मत.)

हे सगळं चाललं होतं राइटिंग्टन इथे, विगन गावाजवळच्या हॉस्पिटलात. मूळचं ते क्षयरोग्यांचं, आपल्याकडे शिवडीचं आहे तसं. स्ट्रेप्टोमायसिन आलं, क्षयाचे रुग्ण कमी झाले, खाटा रिकाम्या पडल्या. चार्नलीने तिथे आपलं खुब्याचं केंद्र उभं केलं आणि वर्कशॉप थाटलं. हॅरी क्रेव्हन नावाचा एक तरुण मेकॅनिक १९५८ मध्ये त्याच्या हाताखाली आला. त्याचं नाव लक्षात ठेवा.

राहिला प्रश्न वाटीचा. सगळ्यात निसरडं प्लास्टिक कोणतं? टेफ्लॉन, आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं. चार्नलीने टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. आणि काय सांगू, चमत्कारच. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली माणसं उठून चालायला लागली. वेदना एका दिवसात गेल्या. १९६१ मध्ये त्याने लॅन्सेटमध्ये लेख लिहिला. सुमारे तीनशे जणांना टेफ्लॉनच्या वाट्या बसल्या.

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हे तीनशे जण.

दोन-तीन वर्षांत त्यांचे पाय पुन्हा दुखायला लागले. टेफ्लॉन निसरडं होतं, पण मऊ होतं. धातूचा गोळा वाटीत रुतत गेला, कुणाकुणाची वाटी आरपार झिजली. त्याहून वाईट म्हणजे झिजून निघालेला भुगा. शरीराला तो भुगा सहन होईना. त्याच्याभोवती चिजासारखा पांढरा लगदा साठायचा आणि आजूबाजूचं हाड खाल्लं जायचं. जी माणसं काठी टाकून नाचत घरी गेली होती ती पुन्हा कुबड्यांवर परत आली, आणि आता आधीपेक्षा हाडही कमी उरलेलं.

इथे बहुतेक जणांनी काय केलं असतं याचा मी विचार करत राहते. तो त्या वेळी प्रसिद्ध झाला होता, देशोदेशीचे डॉक्टर बघायला येत होते. रुग्णांना दुसऱ्या कुणाकडे पाठवणं सोपं होतं. चार्नली मात्र आपला एकेक फसलेला खुबा पुन्हा उघडत बसला. ही दुरुस्तीची कामं तो स्वतः करायचा, शिक्षा भोगल्यासारखी. हे ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं आणि त्यात वाहवा मिळत नाही. आणि तो असं म्हणाला नाही की रुग्णांनी नीट काळजी घेतली नसेल. त्याने टेफ्लॉनचे तुकडे स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, शरीर त्यांचं काय करतं ते बघायला.

१९६२ चा मे महिना. एक विक्रेता राइटिंग्टनच्या दारात आला. जर्मनीत बनलेलं एक नवं प्लास्टिक तो विकत होता. उच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन. सर्जनांसाठी नव्हे हो! लँकेशायरच्या कापड गिरण्यांमधल्या मागांसाठी. त्याची दातेरी चाकं मागांना बसवत होते, कारण ती मार खाऊनही झिजत नसत. क्रेव्हनने एक तुकडा घेऊन साहेबाला दाखवला. चार्नलीने त्यात नख रुतवून पाहिलं आणि टाकाऊ ठरवून निघून गेला. टेफ्लॉनने तोंड पोळलेलं, शिवाय हे त्याच्याइतकं निसरडंही नव्हतं.

क्रेव्हनने ऐकलं नाही. साहेब परदेशी गेलेला असताना त्याने तो तुकडा आपल्या झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलं. तीन आठवड्यांनंतर त्या तुकड्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेएवढीही भरली नव्हती. चार्नली परत आला, आकडे पाहिले, आणि मान्य केलं.

पण या वेळी त्याने लगेच माणसांना हात लावला नाही. आधी तेही प्लास्टिक मांडीत टोचून घेतलं. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागत होत्या, पॉलिथिलीनची जागा चाचपूनही सापडत नव्हती. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिली पॉलिथिलीनची वाटी बसली. आज जगभर जे खुबे बसतात त्यातल्या बहुतेकांच्या वाटीचा हा मूळपुरुष.

आता थोडं घरचं. लालबागच्या चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको, पण दादाची मुलं हे वाचणार असतील तर त्यांच्यासाठी: तुमचे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. चार साचे सांभाळायचे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये लँकेशायरहून आलेली यंत्रं पिढ्यान् पिढ्या चालली. बाबांच्या साच्याच्या ओतीव लोखंडावर इंग्रजी अक्षरं होती. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण रोज हाताखालून जाणारी ती अक्षरं त्यांनी एकदा माझ्या पाटीवर जशीच्या तशी काढून दाखवली होती. ब्लॅकबर्न. मी आत्ता नकाशा उघडून पाहिलं, राइटिंग्टनपासून पंचवीस-तीस किलोमीटर.

म्हणजे ज्या मुलखातून बाबांचे साचे आले, त्याच मुलखात मागाच्या चाकांचं प्लास्टिक माणसाच्या खुब्यात गेलं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती काही वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यात साचा बसवणार."

पुढे अजून एक गिरणीचा धागा आहे. चार्नलीच्या सुरुवातीच्या ऑपरेशनांमध्ये शंभरांतल्या सात-आठ जणांचा सांधा पिकायचा. हाडात बाहेरची वस्तू ठेवली की जंतूंना घर मिळतं. हे जंतू हवेतून येत असणार असं त्याच्या मनाने घेतलं. त्याला साथ दिली फार्नवर्थच्या हॉवर्थ यांच्या कंपनीने. त्यांचा धंदा काय, तर कापड गिरण्यांमधली तुसाने भरलेली हवा गाळणं! त्यांनी ऑपरेशनच्या टेबलाभोवती काचघरासारखी खोली उभी केली. वरून गाळलेली हवा सतत खाली येणार, आणि डॉक्टरांच्या अंगावर अंतराळवीरासारखे झगे, त्यांचा श्वास नळीने बाहेर. बाकीचे सर्जन त्याला हसले म्हणतात. सत्तरच्या दशकापर्यंत त्याचं पिकण्याचं प्रमाण शंभरांत एकाच्याही खाली आलं.

तूस म्हटलं की मला बाबांचा खोकला आठवतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, बाबांचे साचे थांबले ते थांबलेच; खोकला मात्र पुढे वीस वर्षं चालू होता. हवा गाळायची यंत्रं लँकेशायरात होती, बाबांच्या खात्यात तुसाचं धुकं असायचं. असो. तो वेगळा लेख आहे, आणि तो लिहायला मला अजून जमत नाही. (त्याच वर्षी ५ ऑगस्टला चार्नली वारला. योगायोग, बाकी काही नाही.)

चार्नलीची शेवटची दोन कामं सांगते, कारण आईने होकार दिला तो ती ऐकून. एक म्हणजे, नवा खुबा यशस्वी झाल्यावरही तो त्याने खुल्या बाजारात सोडला नाही. लीड्सची थॅकरे कंपनी ते खुबे बनवायची, पण साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत चार्नलीने मान्य केलेल्या सर्जनांनाच ते विकायचे. म्हणजे आधी राइटिंग्टनला येऊन शिका, मग घ्या. यातही थोडा हट्ट आणि थोडा अहंकार असेल. असू दे.

दुसरं म्हणजे, तो रुग्णांकडून लिहून घ्यायचा की तुम्ही वारल्यावर मला माझा खुबा परत द्यायचा. आणि लोक आनंदाने सही करायचे! पंधरा-वीस वर्षांनी कुणी म्हातारपणाने गेलं की खुबा काढून वर्कशॉपमध्ये यायचा. वाटी किती झिजली, सिमेंट कुठे भेगाळलं, हाड कुठे खाल्लं गेलं, सगळं मोजायचं. दुखत होतं तेव्हा आलेले खुबे तर सगळेच तपासतात. याला चांगले चाललेलेही हवे होते.

"वही ठेवणारा माणूस होता," आई म्हणाली. आमच्या आईच्या तोंडून याहून मोठी पदवी मी ऐकलेली नाही. चाळीतल्या भिशीची वही तिने बावीस वर्षं ठेवली.

तिला मी पुढचंही सांगितलं, लपवलं नाही. २००० नंतर धातूच्या गोळ्याला धातूचीच वाटी अशा खुब्यांची लाट आली. प्लास्टिकचा भुगा नको म्हणून. त्यातला एएसआर नावाचा खुबा काही वर्षांतच सैल होऊ लागला, कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरू लागलं. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेतला, तोवर सुमारे ९३ हजार लोकांना बसला होता. भारतातही हजारोंना. केंद्र सरकारची समिती नेमली गेली २०१७ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. २०१८ मध्ये ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपासपर्यंत भरपाईचं सूत्र ठरलं. पण द्यायची कुणाला? निम्म्याहून कितीतरी अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. कुठला खुबा कुणाच्या अंगात आहे याची वही कुणी ठेवली नव्हती. तो खुबा बनवणारी होती जॉन्सन अँड जॉन्सनची डिप्यू ही कंपनी. आणि याच डिप्यूने १९९० मध्ये लीड्सची ती थॅकरे कंपनी विकत घेतलेली होती. चार्नलीची थॅकरे. मी हे दोनदा तपासून पाहिलं, कारण विश्वास बसेना.

जुलैमध्ये ऑपरेशन झालं. भूल पाठीत दिली होती, त्यामुळे आई अर्धवट जागी होती. तिने ठोकण्याचा आवाज ऐकला. "सुतारकामच ते," असं नंतर सगळ्या भेटायला आलेल्यांना सांगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभी केली. पहिलं वाक्य: "गुडघा दुखत नाही." दोन वर्षं ज्या गुडघ्याला इंजेक्शनं दिली तो!

नंतरचे दीड महिने मात्र सोपे नव्हते, ज्यांच्या घरात हे व्हायचंय त्यांनी ऐकून ठेवा. झोपताना दोन पायांमध्ये उशी. खुर्ची उंच, कमोडवर उंचवटा. खाली पडलेलं वाकून उचलायचं नाही, पाय पायावर टाकायचा नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या, आणि पडल्यापडल्या पावलं वरखाली करायचा व्यायाम, तो आई टीव्ही बघताना करायची. जिन्याचा नियम तिने स्वतः बसवला: "चढताना शहाणा आधी, उतरताना वेडा आधी." शहाणा म्हणजे चांगला पाय.

सगळ्यात जड गेलं ते जमिनीवर बसणं बंद झालं हे. आमच्या डॉक्टरांनी मांडी घालायलाच मनाई केली. चार्नलीचे रुग्ण खुर्चीवर बसणारे, त्याला मांडीचा, पाटावरच्या जेवणाचा विचार करावा लागला नाही. लहान गोळा झिजतो कमी, पण पाय फार दुमडला तर वाटीतून निसटायचा धोका त्याला जास्त. नव्वदच्या दशकाच्या शेवटी किरणोत्सर्गाने आणखी कणखर केलेलं पॉलिथिलीन आलं, त्यामुळे आता मोठे गोळे बसवता येतात आणि निसटणं कमी झालंय. आईचा गोळा ३२ मिलिमीटरचा, सिरॅमिकचा. तरीही नाही म्हणजे नाही. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला होते. मोदक डायनिंग टेबलावर वळले. आईला ते काही पटलं नाही, कळ्या नीट पडेनात म्हणाली. पडल्या होत्या.

हो, एक महत्त्वाचं. घरी सोडताना मिळालेल्या फाइलमध्ये खुब्याचे स्टिकर नव्हते. प्रत्येक भागाच्या खोक्यावर कंपनीचं नाव, नंबर आणि बॅचचे स्टिकर असतात, त्यांची एक प्रत रुग्णाकडे असायला हवी. मी मागितले तर काउंटरवर "ते आमच्या रेकॉर्डला असतात" असं उत्तर. तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेला आई स्वतः वॉकर घेऊन माझ्याबरोबर आली, काउंटरसमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला काही घाई नाही." वीस मिनिटांत झेरॉक्स मिळाली. एएसआरची गोष्ट तिला सांगितली होती त्याचा हा परिणाम. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालं असेल तर आज फाइल उघडून बघा.

किती टिकेल? २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये एक मोठा हिशेब छापून आला, बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. मी आईला म्हटलं, तू नव्व्याण्णवची होशील तेव्हा बघू. तिने बोटांवर मोजलं आणि मान डोलावली.

गेल्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर आई गॅलरीत खुर्चीवर बसली होती. मला हाक मारली.

"तो चार्नली खुबे परत मागायचा ना?"

"हो."

"मग माझाही द्यायचा. जाळल्यावर तो दांडा काही जळायचा नाही. अस्थी वेचताना सापडेल. नदीत टाकू नका, त्या डॉक्टरांना नेऊन द्या. नंबर फाइलमध्ये आहे."

मी म्हटलं, आई, आजच्या दिवशी हे काय. तर म्हणाली, "आजच लक्षात आलं म्हणून आज सांगितलं. लिहून ठेव."

दादा, लिहून ठेवलंय. फाइल कपाटात वरच्या कप्प्यात आहे, निळी.